उंबऱ्यावरचे बोलणे

मागे एकदा या साप्ताहिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात माझे चार ओळींचे पत्र छापून आले होते. त्यावरून संपादकांनी दिवाळी अंकासाठी काही लिहून द्यावे म्हणून कळवले. मी धाकट्या बहिणीला विषय सांगितला. ती चकलीची भाजणी भाजीत होती. हातातले उलथने तसेच धरून म्हणाली, "अगं ताई, दिवाळी अंक लोक फराळ करता करता वाचतात. त्यात बायकांची दुखणी कुठे घालतेस? आपल्या परभणीच्या शाळेवर लिही, आईच्या शिवणाच्या यंत्रावर लिही."

तिचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नव्हे. असल्या विषयांवर उघड लिहिले म्हणून र. धों. कर्व्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली होती. १९२७ साली काढलेले 'समाजस्वास्थ्य' त्यांनी १९५३ साली डोळे मिटेपर्यंत चालवले, आणि घरचे पैसे घालून चालवले. मी काही कर्वे नव्हे. मी एक निवृत्त नर्स. सरकारी भाषेत ए. एन. एम. आणि गावाच्या भाषेत नर्सबाई. पण पस्तीस वर्षे जे ऐकले ते कुठेतरी सांगून टाकावे, असे आता वाटू लागले आहे. आणि आईच्या शिवणाच्या यंत्राचा विषय यात येणारच नाही, असेही नाही.

१९८४ सालच्या जून महिन्यात मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराला टेकून वसलेल्या एका गावी उपकेंद्रावर रुजू झाले. वय तेवीस. वडील लहानपणीच गेलेले. आईने लोकांचे कपडे शिवून आम्हां दोघी बहिणींना वाढवले. अठरा महिन्यांचे प्रशिक्षण आणि एक वळकटी एवढ्या भांडवलावर मी एस.टी.तून उतरले. नियमाप्रमाणे एका उपकेंद्राकडे पाच हजारांची वस्ती. माझ्या वाट्याला एक मोठे गाव, दोन वाड्या आणि दोन तांडे आले. एस.टी. सकाळी सातला तालुक्याला जाई आणि संध्याकाळी परत येई. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढले की तीही ओढ्यापलीकडूनच माघारी फिरे.

उपकेंद्र म्हणजे चावडीसमोरची दीड खोली. आत औषधांचे एक कपाट, वजनाचा काटा, आणि तपासणीचे एक लोखंडी टेबल. खोलीला खिडकी अशी नव्हतीच. उजेड यायचा तो दारातून, म्हणून टेबल दारासमोरच ठेवावे लागे. दार उघडले की समोर पार, आणि पारावर दिवसभर बसलेली मंडळी. दरसालच्या मागणीपत्रात मी न चुकता लिही, "पडदा, नग एक." दरसाल वरून उत्तर येई की, तूर्त तरतूद नाही. गोळ्या येत, रजिस्टरे येत, भिंतीला लावायची रंगीत चित्रे येत. पडदा मात्र आला नाही.

बायका येत. लेकराचा ताप सांगत, सासऱ्याचा खोकला सांगत, गोळ्या पदराच्या गाठीला बांधून उठत. आणि एक पाय उंबऱ्याबाहेर पडला की थांबत. एक हात चौकटीला, पाठ माझ्याकडे. मग अगदी खालच्या आवाजात शब्द येत, "बाई, अंगावरून जायलंय लई दिसांपासून." कुणी म्हणे, "ओटीपोटात दुखायलंय." कुणी म्हणे, "नवरा जवळ आला की आग व्हायलीय." मी घाईने म्हणे, "आत ये, टेबलावर नीज, बघते." त्यावर ठरलेले उत्तर, "न्हाई बाई, भाकरी टाकायच्यात." आणि बाई दिसेनाशी होई.

पहिली दोन वर्षे मला त्यांचा राग येई. ही अडाणी माणसे, सोय दारी आणली तरी घेत नाहीत, असे मी आईला पत्रात लिहिल्याचे आठवते. गावची म्हातारी सुईण माझ्याकडे येऊन बसे. तिने अर्धे गाव आपल्या हातावर घेतलेले. एकदा ती टेबलाकडे बघून म्हणाली, "बाई, तुमचं टेबल झ्याक हाय. पर त्याचं तोंड पाराकडं हाय." मी हसले. त्या वाक्यात माझ्या साऱ्या प्रशिक्षणात नसलेले काहीतरी आहे, हे समजायला मला फार वर्षे लागली.

माझ्या कामाचे माप उंबऱ्यावरच्या बोलण्यावरून होत नसे, हेही खरे. ते होई 'केसेस'वरून. वर्षाला इतकी कुटुंबनियोजनाची ऑपरेशने, इतक्या तांब्या, असे आकडे ठरवून दिलेले असत. एप्रिलमध्ये कुणी विचारीत नसे, पण जानेवारी उजाडला की साहेबांची जीप दारात उभी राही. आकडा भरला नाही तर पगारवाढीवर गदा येई. आणि या केसेस बायकांच्याच असत. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या होत्या. त्या जबरदस्तीचा असा धसका बसला की मी गावात गेले तेव्हाही सरकारी जीप दिसली की जुनी माणसे रानात पळाल्याच्या गोष्टी सांगत. पुढे पुरुषांना त्या वाटेला नेण्याची कुणाची छाती झाली नाही, आणि सगळा भार बायकांच्या अंगावर आला. तो अजून उतरलेला नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत, देशातल्या लग्न झालेल्या जोडप्यांपैकी शंभरात जवळजवळ अडतीस घरांत बाईचे ऑपरेशन झालेले आढळले. पुरुषाचे हजारात तीन घरांत.

आता जिच्यासाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. तिचे नाव घालीत नाही. तिच्या सुना-नातवंडे आज त्याच गावात नांदत आहेत. १९८६ साली ती बावीस वर्षांची होती. दोन मुलगे, एक मुलगी. उंच, सडसडीत, हसली की डोळे बारीक होत. ती तीन वेळा माझ्या उंबऱ्यावर थांबली. तिन्ही वेळा तेच सांगितले की, पांढरे जाते, त्याला वास येतो, ओटीपोट दुखते. पहिल्या दोन वेळी मी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या वेळी जानेवारी महिना होता. मी रजिस्टर उघडले, तिच्या नावापुढे दोन मुलगे पाहिले, आणि म्हणाले, "ऑपरेशन करून घे. मोकळी होशील."

ती मोकळी होईल असे मी म्हणाले, पण तिचे दुखणे बरे होईल असे म्हणाले नाही. तिने मात्र तसेच ऐकले. आणि तिने तसे ऐकले आहे, हे मला त्याच क्षणी कळले होते. मी दुरुस्ती केली नाही. माझी ती त्या वर्षाची एकोणिसावी केस होती.

शिबिर शाळेत भरले. वर्गातली बाके बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या होत्या. बायका एका रांगेत आत जात आणि दुसऱ्या रांगेत बाहेर आणून निजवल्या जात. आधी तपासणी व्हायला हवी, आत दाह असेल तर तो बरा करून मगच ऑपरेशन करायला हवे, हे पुस्तकात होते. पण संध्याकाळपर्यंत किती उरकायच्या, हे फळ्यावर लिहिलेले होते. आमच्या शिबिरात कुणी दगावले नाही, हे दैव. २०१४ साली छत्तीसगडात बिलासपूर जिल्ह्यातल्या शिबिरांत १३ बायका दगावल्या, त्यांतल्या एका शिबिरात काही तासांत ८३ ऑपरेशने उरकली होती. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे त्या सतरंज्या आल्या.

महिन्याभराने ती पुन्हा उंबऱ्यावर उभी राहिली. "बाई, दुखायचं थांबलं न्हाई." या खेपेला मी शहाणपणा केला आणि तालुक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. चिठ्ठी देणे किती सोपे असते! ती घेऊन जाणे म्हणजे काय, ते वाचकांना सांगते. एक दिवसाची मजुरी बुडाली. एस.टी.चे दोघींचे भाडे, कारण तरणी सून एकटी जाणार कशी? म्हणून सासू बरोबर. सासूची मजुरी बुडाली. तीन लेकरे शेजारणीकडे. दवाखान्यात दुपारपर्यंत रांग. नंबर लागला तेव्हा कळले की डॉक्टर पुरुष आहेत. सासू म्हणाली, "चल माघारी."

आनंदीबाई जोशी अवघ्या तेरा-चौदा वर्षांच्या असताना त्यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले, आणि पुढे आपल्या बायकांना बाई-डॉक्टर हवी म्हणून १८८३ साली ती मुलगी बोटीत बसून अमेरिकेला गेली. १८८६ साली तिने पदवी घेतली. त्याला बरोबर शंभर वर्षे झाली होती, आणि आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात बाई-डॉक्टरची जागा रिकामी होती. वर्षभर भरली जाई, दोन वर्षे पुन्हा रिकामी राही. येणाऱ्या मुलींनाही दोष कसा द्यावा? राहायला धड घर नाही, रात्रीला संगत नाही.

ती दुसऱ्यांदा गेली तेव्हा डॉक्टर रजेवर होते. तिसऱ्यांदा जाण्याआधीच दिवाळी आली. आणि आमच्या भागात दिवाळीचा अर्थ निराळा आहे. तुमच्याकडे दिवाळीला माणसे घरी येतात. आमच्याकडे दिवाळी झाली की माणसे घर सोडतात. दसऱ्याच्या सुमाराला मुकादमाने उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. एकट्या बाईचा हिशेब नाही, एकट्या गड्याचाही नाही. भांडी, पीठ, शेळी, लेकरे असे सारे ट्रकात घालून गावेच्या गावे पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघून जातात. पाच-सहा महिने कोपीत राहणे. पहाटे अंधारात फडात उतरायचे, नवऱ्याने तोडायचे, बाईने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीला न्यायच्या. न्हाणीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही. एक दिवस बसले की 'खाडा', म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंडही. माझे रजिस्टर गावात, आणि माझ्या बायका उसाच्या फडात. ज्या गावाच्या शिवारात त्या असत तिथल्या नर्सबाईच्या यादीत त्यांचे नाव नसे. माझ्या यादीत नाव असे, पण बाई नसे.

असे सहा हंगाम गेले. १९९२ च्या उन्हाळ्यात ती आली. या वेळी उंबऱ्यावर थांबली नाही. आत आली, टेबलाच्या कडेला बसली, आणि पिशवीतून एक कागद काढून म्हणाली, "बाई, पिशवी काढून टाकली." कुठल्याशा शहरातल्या खाजगी डॉक्टरने पाच मिनिटे तपासून सांगितले होते की, पिशवी सडली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. मुकादमाने सहा हजार रुपये लगेच दिले, पुढच्या हंगामाच्या उचलीत धरून. कारण पिशवी नसली की पाळी नाही, आणि पाळी नाही की खाडा नाही. ती अठ्ठावीस वर्षांची होती. कागदावरून दिसत होते की पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले होते. म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तिला पन्नाशीची बाई करून टाकली होती. पुढच्या दहा वर्षांत तिची कंबर गेली, हाडे ठिसूळ झाली, रात्री अंगाची लाही होई. आणि तरी ती मोळ्या उचलीत होती, कारण ऑपरेशनचे पैसे फेडायचे होते.

ज्या दुखण्याला वेळेवर चौदा दिवसांच्या गोळ्या कदाचित पुरल्या असत्या, त्याचा हा शेवट. त्या डॉक्टरला मी मनात पुष्कळ शिव्या दिल्या. पण तिला त्याच्या दारात जाऊ देणारी माणसे मोजायला बसले की पहिले नाव माझे येते.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगते. तांड्यावरच्या एका बाईला पाचव्या खेपेला दिवस गेले होते. तिला मूल नको होते. गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आहे, त्यासाठी सज्ञान बाईची फक्त तिची स्वतःची संमती लागते, हे मला पाठ होते. मी तिला एका मान्यताप्राप्त दवाखान्यात धाडले. तिथे सांगण्यात आले, नवऱ्याची सही आणा. कायद्याला तिची एकटीची सही चालत होती, पण दवाखान्याला चालत नव्हती. नवरा परमुलखात कामाला. ती परत फिरली आणि बाजारच्या गावी कुणाकडे तरी जाऊन मोकळी झाली. चौथ्या दिवशी तापाने फणफणलेली तिला मी आणि सुईणीने बैलगाडीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणले आणि तिथून आंबेजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात पोचवले. वाचली. २०२१ साली हा कायदा आणखी सैल झाला, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने लग्न न झालेल्या मुलीलाही तोच हक्क दिला. हे वाचून मला आनंद झाला. पण कायदा आणि तांडा यांच्यामध्ये एक टेबल असते, आणि त्या टेबलामागे माझ्यासारखे कुणीतरी बसलेले असते, हे विसरता येत नाही.

१९९६ च्या एप्रिलपासून सरकारने ठरीव आकड्यांची पद्धत बंद केली. पुढच्या वर्षी आम्हां नर्सबायांना नव्या प्रशिक्षणाला बोलावले. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या कामाची माहिती सांगितली. त्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ती पाहणी विलायतेतल्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात अवघ्या आठ. वर्गात सगळ्या चकित झाल्या. मला आकडा नवा होता, पण त्या बायका नव्या नव्हत्या. त्या माझ्या उंबऱ्यावर उभ्या राहून गेल्या होत्या. शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, "तुमच्या उपकेंद्रात तपासणीला पडदा आहे का?" चाळीसजणींपैकी सहाजणींचे हात वर झाले.

मी सुटीत परभणीला गेले. वाटेत आठवडी बाजारात अडीच वार जाडसर कापड घेतले, निळे, मळखाऊ. आईची नजर अधू झाली होती, पण यंत्रावरचा हात तसाच होता. तिने दुमड घातली, वर तार ओवायला नेफा केला. "कशाला गं एवढा जाड?" तिने विचारले. मी म्हटले, "पलीकडचं दिसू नये म्हणून." एवढेच. मागणीपत्रात तेरा वर्षे जे लिहीत आले होते ते एका दुपारी शिवून झाले. ते मला पहिल्याच वर्षी का सुचले नाही, हा प्रश्न मी पुष्कळदा स्वतःला विचारला आहे. उत्तर एकच सापडते. त्या वेळी पडदा ही सरकारची जबाबदारी होती, आणि जबाबदारी दुसऱ्याची असली की माणूस निवांत झोपू शकतो.

टेबलाची दिशा बदलली. तार ठोकली. उजेडासाठी विजेरी घेतली. आणि गुरुवार हा फक्त बायकांचा वार ठरवला. सुईणआजी दारात बसे. गुरुवारी कुणी गडी माणूस गोळी मागायला आला की ती म्हणे, "उद्या ये. आज आमचं राज्य हाय."

पहिले दोन गुरुवार कुणी आले नाही. तिसऱ्या गुरुवारी एक साठीच्या पुढची म्हातारी आली. मी ओळखले. हीच ती सासू, जी तालुक्याहून "चल माघारी" म्हणून सुनेला घेऊन आली होती. मला वाटले, खोकल्याच्या गोळ्यांना आली. तिने पडद्याकडे पाहिले, हाताने चाचपला, आणि काही न बोलता आत जाऊन टेबलावर निजली.

तिचे अंग बाहेर आलेले होते. पाचव्या बाळंतपणानंतर, तिसऱ्या दिवशी पाण्याचे हंडे उचलले तेव्हापासून. म्हणजे पंचवीस वर्षे. फडक्याचा बोळा करून ती ते आत सारून ठेवी आणि तसेच खुरपण करी, उसाला जाई. नवऱ्याला सांगितले नव्हते, सुनेला तर नाहीच. मी विचारले, "मावशी, इतकी वर्षं कुणालाच कसं सांगितलं नाही?" ती छताकडे बघत म्हणाली, "कुनी इचारलं न्हाई, बाई." मग थोड्या वेळाने म्हणाली, "सुनेला मी माघारी आनली. मला वाटलं, समद्याच बायांचं असंच असतंय. सोसावं लागतंय."

तिला आंबेजोगाईला नेऊन ऑपरेशन केले. तिथे बरोबर सून गेली. तीच, जिची पिशवी गेली होती. दोघी वॉर्डात शेजारी शेजारी बसून भाकरी खात असलेल्या मी पाहिल्या. त्यांचे काय बोलणे चालले होते ते मला ठाऊक नाही, पण बोलणे चालले होते. त्यानंतर गुरुवार रिकामा गेला नाही.

पुढे काळ पुष्कळ बदलला, आणि हे कबूल न करणे कृतघ्नपणाचे होईल. २००५ साली ग्रामीण आरोग्याचे राष्ट्रीय अभियान आले, गावोगाव आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला थोडे पैसे मिळू लागले. २०१४ पासून १०८ नंबर फिरवला की गाडी येऊ लागली. महाराष्ट्रात २००१-०३ च्या सुमारास एक लाख जन्मांमागे १४९ आया दगावत, २०१८-२० पर्यंत हा आकडा ३३ वर आला. ज्या वाटेवर मी बैलगाडी हाकलली त्या वाटेवर आता रुग्णवाहिकेचा भोंगा वाजतो. पण मला असे दिसत आले की, बाई पोटुशी असली की सारे खाते तिच्या पाठीशी उभे राहते. ती बाळंत झाली, टोचणीची पाने भरली, की पुन्हा ती उंबऱ्यावर एकटी. पोटात मूल नसलेल्या बाईचे पोट दुखते, याला फारशी रजिस्टरे नाहीत.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी, २०१९ साली, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांची बातमी देशभर गाजली. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. लोक विचारू लागले, असे कसे झाले? मी निरोपाची शाल अंगावर घेऊन घरी बसले होते, आणि मला १९८६ सालची ती जानेवारीची दुपार आठवत होती. एकदम तेरा हजार होत नाहीत. एकेक उंबऱ्यावरून परत जाते.

आता शेवटची गोष्ट, जी सांगू की नको असे म्हणत इतका वेळ लांबवली. सगळे म्हणतात, खेड्यातल्या बायका अडाणी म्हणून सांगत नाहीत. २००८ साली माझे वय सत्तेचाळीस होते. मला अवेळी रक्त जाऊ लागले. मी नर्स. काय काय असू शकते ते सारे मला माहीत. आमच्या केंद्रात डॉक्टर होते, सज्जन होते. पण त्यांना सांगितले तर कंपाउंडरला कळेल, त्याच्याकडून गावाला कळेल, आणि उद्या पारावरून जाताना लोक माझ्याकडे कसे बघतील, याच विचारात मी चौदा महिने काढले. मग एके दिवशी बहिणीलाही न सांगता तेव्हाच्या औरंगाबादेला जाऊन तपासून आले. गाठ साधी निघाली, दैव बलवत्तर. परतताना एस.टी.त मला उमगले की मीही चौदा महिने चौकटीला हात लावून पाठमोरी उभी होते. अज्ञान एवढे एकच कारण असते तर गोष्ट फार सोपी होती.

हा मजकूर लिहून झाला तो परवा. विषय नको म्हणणाऱ्या बहिणीच्याच हातात आधी दिला. ती सोप्यात बसून सारा वाचत होती. मी आत चकल्या डब्यात भरीत होते. तिने कागद नीट जुळवून मेजावर ठेवले. बरे-वाईट काहीच बोलली नाही. "निघते गं, संध्याकाळी सुनेकडची माणसं यायचीत," म्हणून पिशवी उचलली.

दाराशी गेली आणि थांबली. पाठ माझ्याकडेच, एक हात चौकटीला.

"ताई," ती म्हणाली, "तुझ्या ओळखीची कुणी बाई-डॉक्टर आहे का गं?"

मी हातातला डबा खाली ठेवला, तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि दार लावून तिला आत आणले.